नापासाचे फुटाणे

चौथीचा निकाल लागला त्या दिवशी मी वर्गात दुसरा आलो आणि वडील माझ्याशी बोलायचे थांबले. देवळी गावात आमच्याच शाळेचे ते हेडमास्तर होते. मुलाचा पहिला नंबर ते पगारासारखा हक्काचा समजत.

दुपारी एक बाई पदरात गूळफुटाणे घेऊन शाळेच्या ओसरीवर वडिलांसमोर आली. जिनिंगमधल्या कामावरून तशीच आली असावी, केसांत कापूस अडकला होता. मागे तिची मुलगी होती.

"गुरुजी, तोंड गोड करा. माह्या पोरीचा निकाल लागला."

"बाई, ती नापास झाली आहे."

"मले मालूम हाय. म्हणून का ती माही नाई राह्यली? सालभर शिकली, परीक्षेले बसली. घ्या."

"वा! आता नापासाचाही प्रसाद निघाला!" वडील म्हणाले आणि सगळे मास्तर हसले. कोणावर हसलं तर अंगलट येत नाही, एवढं त्या विद्वानांना नक्की कळे. बाईनं त्यांच्याही हातांवर मूठमूठ फुटाणे ठेवले.

मुलगी वडिलांच्या डोळ्यांत बघत फुटाणे चावत होती. आम्हा पास झालेल्यांत तेवढी छाती कुणाचीच नव्हती. मग तिला खांबाआड मी दिसलो.

"तू काऊन रडून राह्यला बे? पास झाला ना?"

त्या मायलेकी मला पुन्हा दिसल्या नाहीत.

वडील गेल्या महिन्यात वारले. त्यांच्या पेटीत माझी सगळी प्रगतिपुस्तकं निघाली. चौथीच्या पुस्तकात 'दुसरा' या शब्दाखाली त्यांनी ओढलेली लाल रेघ अजून तशीच आहे.