शकुबाईची पलटण

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांत आजवर जेवढे कर्नल होऊन गेले, त्यातल्या निम्म्यांना तरी बढती शकुबाईनं दिलेली आहे. तिच्या पलटणीत बढतीला परीक्षा नाही, मुलाखत नाही. पहिल्या अंकातला साधा शिपाई विंगेत यायचा, दोन घोट पाणी प्यायचा, आणि तेवढ्यात शकुबाई त्याच्या खांद्यावर सिंह नि तारे चढवून त्याला दुसऱ्या अंकात ढकलून द्यायची. पडदा उघडला की कर्नलसाहेब हजर, आणि मांडवभर टाळ्या.

शकुबाई राहते ब्रह्मपुरीला. दिवाळीनंतर गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा, सुरू झाल्या की होळीपर्यंत तिचा मुक्काम घरात कमी आणि कंपनीच्या गाडीत जास्त. वडश्याच्या एका नाटक कंपनीची ड्रेपरी, म्हणजे नटांचे झाडून सगळे कपडे, तिच्या ताब्यात. पावसाळ्यात ती घरच्या मशीनवर ब्लाऊज आणि शाळेचे ड्रेस शिवते, पण त्या कामाबद्दल विचारलं तर हात झटकून म्हणते, "ते काय काम हाये? ते तं कोणीबी करते."

तिचा खरा जीव तिच्या हिरव्या पत्र्याच्या पेटीत. कामठीच्या छावणीजवळच्या दुकानांतून जमेल तसं गोळा करत तिनं ही पेटी भरली आहे. सैन्याचे सिंह, तारे, आडव्या तलवारी, नौदलाच्या सोनेरी पट्ट्या, हवाई दलाचे पंख, पोलिसांच्या लाल-निळ्या फिती आणि त्यात मिसळलेले लग्नाच्या बँडवाल्यांचे दोन झुबकेदार गोंडे. तिन्ही दलं आणि पोलीस खातं एवढ्या गुण्यागोविंदानं दुसरीकडे कुठे नांदत नसतील. कोणतं चिन्ह कोणाचं, या भानगडीत शकुबाई पडत नाही. तिचा हिशेब सोपा: शेवटच्या सतरंजीवर बसलेल्या म्हातारीला लांबून चमकताना दिसलं पाहिजे. साहेब जेवढा मोठा, तेवढी चमक जास्त. एका हंगामात तर तिच्या कर्नलच्या छातीवर वैमानिकाचे पंख, बाहीवर नौदलाची पट्टी आणि खांद्यावर पोलीस निरीक्षकाचे तारे होते, आणि एकाही प्रेक्षकानं तक्रार केली नाही.

हे सगळं ती लावायची कच्च्या टाक्यानं. अंक बदलला की साहेब बदलणार, म्हणून धागा असा घालायचा की एक झटका दिला की सगळं हातात यावं. त्यात तिचा हात धरणारा अख्ख्या वडश्यात कोणी नव्हता.

आता गंमत अशी, की तिचा पोटचा मुलगा अजय खराखुरा फौजेत आहे. लान्स नायक. उजव्या बाहीवर एक पट्टी. ती मिळाली तेव्हा त्यानं हौसेनं फोटो पाठवला होता. शकुबाईनं मोबाईलवर दोन बोटांनी फोटो मोठा करकरून पाहिला आणि विचारलं, "एकच?"

"माय, हे एक मिळवाले लय घासा लागते," अजय तिकडून म्हणाला.

"हो, हो," म्हणाली ती, पण मनातून काही खूष झाली नाही. इकडे तिच्या पेटीत मूठमूठभर तारे पडलेले, आणि पोराला सरकारनं एका पट्टीवर भागवलं. सरकारचा हात आखडता, असंच तिचं मत झालं.

यंदा अजय ऐन मंडईच्या दिवसांत सुट्टीवर आला. शकुबाईच्या सासरी, म्हणजे अजयच्या मूळ गावी, तिच्याच कंपनीचं नाटक ठरलेलं. गावकऱ्यांनी ठरवलं, नाटकाआधी स्टेजवर आपल्या जवानाचा सत्कार करायचा, आणि जवानानं ड्रेसवर यायचं. अजयनं पलटणीत फोन करून साहेबांना विचारलं, परवानगी मिळाली, तेव्हा कुठे तो हो म्हणाला. तो यंदा जरा जपूनच वागत होता. दुसऱ्या पट्टीची परीक्षा तो पास झाला होता, नायक व्हायचा आदेश तेवढा यायचा होता. अशा वेळी अंगावर साधा डाग पडला तरी महागात जातो.

सकाळीच तो मित्रांबरोबर शंकरपट पाहायला गावाकडे जीपनं निघाला. बैलांची शर्यत म्हटल्यावर त्याला घरात कोण थांबवणार? जाताना म्हणाला, "माय, ड्रेसले इस्त्री करून ठेवजो. संध्याकाळी येतानी घेऊन येजो."

एवढंच काम होतं. इस्त्री करायची आणि घडी घालायची. पण शकुबाईच्या हाती वर्दी आणि समोर पेटी! इस्त्री फिरवता फिरवता तिच्या डोळ्यांसमोर रात्रीचं स्टेज उभं राहिलं. तिथे आधी तिचा अजय जाणार एका पट्टीत, आणि त्याच्या मागोमाग चंदन जाणार, अंगभर सिंह मिरवत. चंदन म्हणजे कंपनीचा हिरो. दोन वर्षांपासून कर्नल. धावायला लावलं तर स्टेजच्या पायऱ्या चढतानाच धापा टाकेल. आणि लोक म्हणणार, शकुबाईनं जगाला सजवलं, पोराला मात्र तसंच पाठवलं.

तिनं पेटी उघडली. पट्टीखाली दोन पट्ट्या वाढवल्या. खांद्यांवर सिंह लावले, त्यांच्याखाली दोन-दोन तारे लावले. नौदलाची सोनेरी पट्टीही हातात घेऊन पाहिली, मग म्हणाली, "नको, लय होईन." आणि हे सगळं तिनं नाटकातल्यासारखं लावलं नाही. पोराचं काम, म्हणून दुहेरी धागा घेतला आणि बसून एकेक टाका पक्का घातला.

संध्याकाळी स्टेजमागे कापडी पडदे लावून केलेल्या रंगपटात अजय आला. धुळीनं माखलेला, हसरा, पटाच्या गप्पांनी घसा बसलेला. तोंड धुऊन त्यानं पिशवीतून वर्दी काढली आणि तो जागीच थिजला.

"माय, हे काय व?"

"काऊन? बरं नाई दिसत?"

"अवं, मी लान्स नायक हावो! तू मले बाहीवर हवालदार केलं अन् खांद्यावर कर्नल! हे घालून मी वर गेलो, कोणं फोटो काढला, अन् तो पलटणीत पोचला तं? दुसरी पट्टी तं जाईनच, हे एकबी उतरवतीन. आपला नाई तो दर्जा लावणं म्हणजे गुन्हा हाये, माय."

"नाटकात तं कोणी काही म्हणत नाई—"

"मी नाटकातला नाई हावो!"

शकुबाईला पहिल्यांदा रागच आला. चूक कळली की तिला आधी राग येतो, हा तिचा जुना स्वभाव. दुपारभर पाठ मोडून शिवलं, त्याची ही किंमत? ती फाडकन बोलणार होती, तेवढ्यात तिचं लक्ष अजयच्या हातांकडे गेलं. तो नखांनी एकेक टाका उकरत होता. बर्फात पहारे देणारा, साप दिसला तर शेपटी धरून बाहेर फेकणारा तिचा पोरगा, आणि एका कापडाच्या तुकड्यापायी घाबरला होता. मग मात्र तिचा राग जिरला. ती एक पट्टी त्याला किती मोठी होती, हे तिला आत्ता दिसलं.

"दे इकडं," ती म्हणाली. "दाढीची पत्ती आणा कोणी तरी!"

बाहेर माईक सुरू झाला होता. सत्कार करायला पहिल्या रांगेत दादाजी सुभेदार येऊन बसले होते. रिटायर झालेले, करारी, समोरच्याचं तोंड पाहण्याआधी बाही पाहणारे. इकडे शकुबाईनं सवयीनं सिंहाला झटका दिला. सिंह हलला नाही. दुहेरी धागा, पक्का टाका. स्वतःच्याच शिलाईशी तिला झुंजायची वेळ आली होती.

"लान्स नायक अजय यांनी स्टेजवर यावं," माईक बोलला.

तेवढ्यात चंदन कर्नलच्या पूर्ण थाटात आत आला. काय झालं ते ऐकून आधी तो खो खो हसला. मग अजयचा चेहरा पाहून त्याचं हसू विरलं. "बाई, तुम्ही उसवा. मी पाहतो बाहेरचं," म्हणाला आणि बोलावणं नसताना सरळ स्टेजवर जाऊन खड्या आवाजात मागच्या वर्षीच्या नाटकाचं गाणं म्हणू लागला. मंडई शिट्ट्यांनी दणाणली. सत्काराच्या आधी कर्नल गातो कसा, हा प्रश्न कोणालाच पडला नाही.

एकेक टाका कापत शकुबाईनं खांदे मोकळे केले. बाहीवरच्या दोन पट्ट्या निघाल्या आणि घाईत पत्ती घसरली. अजयची स्वतःची पट्टीही सुटून तिच्या तळहातावर पडली. केवढीशी होती ती! पेटीतल्या पट्ट्यांहून वेगळी काहीच नव्हती. शकुबाईनं ती पदरानं पुसली, आणि तिचे डोळे भरून आले.

"कुठी होती? नीट दाखव," तिनं विचारलं.

अजयनं बोटं ठेवून जागा दाखवली. तिनं ओठ घट्ट मिटून ती पट्टी परत शिवली, सरळ, जिथल्या तिथे. दातानं धागा तोडला, अजयनं वर्दी अंगात चढवली, तशी म्हणाली, "जा."

अजय स्टेजवर गेला तेव्हा निवेदक जोशात आला होता. "आपल्या गावाची शान, मेजर अजयसाहेब!" असं तो ओरडला. अजयनं माईक हातात घेतला.

"मेजर नाई जी. लान्स नायक. मेजर लय वर असते, मी पहिल्या पायरीवर हावो."

दादाजी सुभेदार उठले. शाल-नारळ देण्याआधी त्यांनी डोळे बारीक करून अजयची बाही पाहिली. विंगेत उभी शकुबाई पडदा बाजूला सारून पुढे वाकली.

"शिलाई पलटणीतल्या शिंप्याची नाई हे," सुभेदार म्हणाले. "कोणं शिवली?"

"मायनं."

"सरळ शिवली." आणि त्यांनी टाळी वाजवली. मग सगळी मंडईच टाळ्या वाजवू लागली.

शाल सावरत अजय विंगेत परतला, तर समोर चंदन उभा. सिंह, तलवारी, तारे, पंख. सवयीनं अजयचे पाय जुळले, हात कपाळाकडे निघाला, आणि मध्येच त्याला हसू फुटलं. चंदन मात्र हसला नाही. ओशाळून त्यानं गमछा खांद्यावर ओढून घेतला.

"शकुबाई, माह्ये कमी करा व थोडे. याच्यापुढं लाज वाटून राह्यली."

"कर्नलले किती लागते रे?" शकुबाईनं अजयला विचारलं.

"एक सिंह अन् दोन तारे. बस्स."

तिसरी घंटा झाली. शकुबाईनं चंदनच्या छातीला, खांद्याला, बाहीला झटके दिले. पंख, तलवारी, सोनेरी पट्टी, सगळं भराभर तिच्या ओंजळीत आलं. सिंह आणि दोन तारे ठेवून तिनं त्याला स्टेजवर ढकललं.

मग सवयीनंच तिनं अजयच्या बाहीवरची पट्टी चिमटीत धरून ओढून पाहिली. ती हलली नाही.