पांढरं तेवढं पेशंटचं

डायलिसिस चार तास चालतं. बाहेरच्या बाकावर बसून नातेवाइकांनी करायचं काय? त्यामुळे जळगावच्या त्या बाकावर औषधांपेक्षा किस्सेच जास्त साठले. शैला, माझी बायको, जाऊन दीड वर्ष झालं. किस्से मात्र अजून ताजे आहेत.

*

मशीन लागायच्या आधी डॉक्टरांनी प्रोटीन कमी करायला सांगितलं होतं. दोन वर्षं मी चमच्याने मोजून डाळ वाढली. डायलिसिस सुरू झालं आणि आहारतज्ज्ञ मॅडम म्हणाल्या, "आता प्रोटीन वाढवा. मशीनमधून ते वाहून जातं."

घरी मी वाटी पुढे सरकवली. शैला म्हणाली, "दोन वर्षं ओढून घेत होतात, आता सरकवताय! आधी तुमचं नक्की ठरवा!"

*

रावेरकडचे नाना केळीवाले. त्यांच्या बायकोलाही मशीन. मॅडम म्हणाल्या, "काकूंना केळी पूर्ण बंद. पोटॅशियम वाढतं."

नानांनी शांतपणे पिशवीतून डझनभर केळी काढून टेबलावर ठेवली. "घ्या बाई. तुम्हाले त बंदी नाही ना!"

*

डाळीतही पोटॅशियम असतंच, म्हणून डाळीवर भागेना. मॅडमचा हुकूम सुटला, "रोज दोन अंडी, फक्त पांढरं. पिवळ्यात फॉस्फरस असतं."

भडगावच्या अक्का नवऱ्यासाठी अंडी उकडून आणायच्या. पिवळं टाकवेना, म्हणून ते सगळं स्वतः खायच्या. महिन्याभरात ब्लाउज उसवले! "बठ्ठा पिवळा मन्हा पोटमा! पेशंट वाळेल, मी फुगेल!"

तरी शैलासाठी त्या दोन अंडी जास्तच आणायच्या. "मास्तर, तुमले उकडता येवाव नही." खरंच येत नव्हतं. त्यांना कधी नीट धन्यवाद म्हणालो नाही, ते इथे म्हणतो.

*

पण शैला अंड्याला हात लावेना. जन्मात खाल्लं नव्हतं. रिपोर्टमध्ये प्रोटीन घसरतच चाललेलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "अंगात ताकद नसेल, तर मशीन सोसणार नाही."

मी समजावलं, रागावलो, एकदा हातही जोडले. ती भिंतीकडे तोंड करून पडायची.

शेवटच्या अर्ध्या तासात नातेवाइकांना आत सोडत. एका मंगळवारी नाना माझ्या आधी आत शिरले. गळ्यात माळ, वय सत्तरच्या पुढे, घरात अंड्याचं नावही न घेणारा माणूस. शैलाच्या कॉटपाशी उभं राहून त्यांनी अक्कांच्या डब्यातलं अख्खं पांढरं तोंडात टाकलं, डोळे गच्च मिटून गिळलं आणि डबा तिच्यापुढे धरला.

"पोरी, माह्या धरम त बुडला. आता तू खाय!"

शैला इतकी हसली, की नळी लावलेला हात हलला आणि मशीन ओरडायला लागलं. सिस्टर धावत आली. "काय झालं? काय झालं?"

शैलाच्या तोंडात घास होता. उत्तर नानांनीच दिलं.

"काही नाही बाई. जेवण चालू हाये!"