बॅगेला बांधलेली रिबीन

सदानंद एका जागी शांत बसेल तर शपथ. जेद्दाच्या बलदमध्ये, म्हणजे जुन्या शहरात, इमारतींचे एसी दुरुस्त करतो आणि कामगारांच्या कॅम्पात माझ्या शेजारच्या खाटेवर झोपतो, म्हणजे झोपतो असं आपलं म्हणायचं. चहा गॅसवर ठेवेल आणि तो उकळायच्या आत बादली घेऊन नळावर जाईल. चहा उतू गेला की पुसायला मी आहेच. कितीदा सांगितलं, बाबा रे, तुझ्या पायांना तरी सुट्टी दे.

मूळचा संगमेश्वरकडचा. बायको दर्शना वारली तेव्हा मुलगी स्वप्ना जेमतेम चालायला लागली होती. तिला थोरल्या बहिणीकडे, शालनताईकडे ठेवून हा इकडे आला. दोन वर्षांनी एकदा सुट्टी. आणि सुट्टी संपली की घर सोडायची आम्हा सगळ्यांची रीत एकच. पोर झोपेत असताना, पहाटे, चपला हातात घेऊन निघायचं. घरच्यांचंही म्हणणं तेच असतं, उगाच रडारड नको.

स्वप्ना मोठी झाली तशी हुशार झाली. मागच्या सुट्टीत तिने केसांची लाल रिबीन घेतली, एक टोक बापाच्या बॅगेला बांधलं, दुसरं स्वतःच्या मनगटाला, आणि मगच अंथरुणाला पाठ टेकली. सदानंदने पहाटे तिच्या मनगटाची गाठ सोडवली आणि निघाला. हा किस्सा तो कॅम्पात रंगवून सांगायचा. "केसासारखी तार हाताळणारा हात आपला. पोरीला पत्ताच नाही!" आम्ही हसायचो. कॅम्पात नवीन माणूस आला की आमचा गोपीनाथ हमखास तो किस्सा सांगायला लावायचा.

मग बलदमधल्या एका जुन्या घरात परदेशी सिनेमे दाखवायचं निघालं. तिथला एसी सारखा ट्रिप व्हायचा. सुपरवायझरने सदानंदला फर्मावलं, दुरुस्त कर आणि सिनेमा संपेपर्यंत मागे उभा राहा. सिनेमा फ्रेंच, खाली इंग्रजी आणि अरबी अक्षरं. आमच्या गड्याचं इंग्रजी म्हणजे कंप्रेसर, कपॅसिटर आणि टुमॉरो. तरी त्याला सगळं कळलं. परत आला तो जेवलाच नाही. ताट पुढ्यात ठेवून मला गोष्ट सांगत बसला.

एक लहान मुलगी. आई तिला शेजारणीकडे बसवते, आलेच म्हणते आणि जाते ती जातेच. मग त्या पोरीची या घरातून त्या घरात रवानगी. कोणी मारत नाही की उपाशी ठेवत नाही. पण पोर कुठेही गेली तरी बूट घालूनच झोपते. एका घरातली बाई मायाळू असते. ती पोर झोपल्यावर अलगद बूट काढते, पांघरूण घालते, दिवा मालवून जाते. बाईची पाठ वळते आणि पोर डोळे उघडते. उठून गुपचूप पुन्हा बूट घालते.

"जागी होती रे ती," सदानंद म्हणाला. सिनेमातल्या पोरीबद्दल बोलत नव्हता, हे मला जरा उशिराच कळलं.

त्यानंतर सुट्टी मिळेपर्यंत त्याच्या जिवाची नुसती घालमेल. ती जागी होती का, तिने मला चोरासारखं जाताना पाहिलं का, एवढंच डोक्यात. मी म्हटलं, फोन करून विचार ना. तर म्हणे, असलं फोनवर विचारतात का? फोनवर ती "हो" आणि "बरं" याच्यापुढे जात नव्हती. तिचा आपल्यावरचा विश्वास उडाला असेल या भीतीने तो आतून पोखरला जात होता. मला त्याचा राग यायचा आणि कीवही यायची.

सुट्टीवरून तो परवा आला. संध्याकाळी चहाला बसलो होतो. गोपीनाथला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. खोलीत हारून नावाचा नवा प्लंबर आला होता, त्याच्यासमोर गोपीनाथने नेहमीप्रमाणे टुमणं लावलं, सदानंद, तो रिबिनीचा किस्सा सांग.

सदानंदने सांगितला. रिबीन, गाठ, हलका हात, सगळं. हारून हसलासुद्धा. मग सदानंद म्हणाला, "या वेळी पहिल्याच संध्याकाळी ती रिबीन घेऊन आली. मी म्हटलं, बाय, बांधू नको. मी दुपारच्या गाडीने जाणार, तुला सांगून, तुझ्यादेखत. तिने विचारलं, म्हणजे आज नाही ना? नाही म्हटलं. तशी जी झोपली ती दुसऱ्या दिवशी जेवायलाच उठली. निघताना खूप रडली. मीही रडलो. भर रस्त्यात तमाशा केलात म्हणून ताई चिडली."

"आणि मागच्या वेळचं?" मी विचारलं. "विचारलंस?"

त्याने कप खाली ठेवला. प्रथमच तो जागचा हलला नाही.

"विचारलं. म्हणाली, बाबा, तुला गाठ सुटतच नव्हती. गाडी चुकली असती ना तुझी. म्हणून मीच हात सैल सोडला."