छत्तीस सुना, एकच उत्तर

नूरझादाच्या प्रबंधावर माझा पहिल्या पानापासून विश्वास नव्हता. नारिन शहरापलीकडच्या गावातली ही शाळामास्तरीण, वीस वर्षं चौथीचा वर्ग सांभाळलेली. महिन्याभरात पदवी मिळाली तरच मुख्याध्यापिका होणार होती, आणि त्यासाठी मार्गदर्शक म्हणून माझी सही हवी होती. विषय होता, गरोदर सुनेने डॉक्टरकडे कधी जायचं हे घरात ठरवतं कोण? पद्धतीच्या प्रकरणात लिहिलेलं, छत्तीस सुनांना घरी जाऊन समोरासमोर विचारलं. छत्तीसही जणींचं उत्तर, 'मीच ठरवते.'

"बाई गं, छत्तीस मेंढ्यासुद्धा एका दिशेला तोंड करत नाहीत. कुठे बसून भरलेस हे कागद?"

"घरोघरी फिरलेय, एजे. एजे म्हणते तुम्हाला, थोरल्या बहिणीशी खोटं बोलेन का?"

गोड बोलणाऱ्यांचा मला आधीच संशय. दुसऱ्या दिवशी, कुणाला न कळवता, तिच्याबरोबर गावात गेले.

पहिल्याच घरी सासूने आम्हाला मानाच्या जागी बसवलं. सून बेगायिम दाराशी बसून रिवाजाप्रमाणे अर्धे-अर्धे पेले चहा भरत होती. नूरझादाने तिच्याकडे बघून प्रश्न विचारला.

"तीच ठरवते!" सासू म्हणाली. "आमच्याकडे जाच नाही हो. काय गं?"

बेगायिमने होकारार्थी मान हलवली. नूरझादाने कागदावर खूण केली.

बाहेर येताच मी कडाडले, "अगं, सुनेचं उत्तर कुठंय यात? म्हातारीला उठवलं का नाहीस?"

"मीही कुणाची सूनच आहे ना, एजे. थोरल्या बाईला तिच्याच घरातून ऊठ म्हणू? संध्याकाळपर्यंत माझ्या सासूच्या कानावर जाईल."

पहिल्या पानापासून हिला खोटारडी समजत होते, त्याची लाज वाटली. पण उत्तरावरचा संशय काही जाईना. धारेच्या वेळी गोठ्यात सासू फिरकत नाही. तेवढ्या वेळात आम्ही तिथे गेलो. नूरझादाने बेगायिमला तोच प्रश्न विचारला.

तिचे हात थांबले नाहीत. "कुणी काही ठरवलंच नाही. पोटात दुखत होतं. आई म्हणाल्या, लोकर कातरून होऊ दे, मग जा. सातवा महिना होता. मुलगी होती. वाचली नाही."

नूरझादाने काहीच लिहिलं नाही. रस्त्यावर आल्यावर म्हणाली, "सही करू नका, एजे. महिन्याभरात नाही जमायचं. पस्तीस गोठे हिंडायचेत अजून."