शून्य आहे की नाही

सेगेद शहरातल्या गणित संस्थेत इबोया आणि मी बावीस वर्षं समोरासमोर बसलो. अक्षरांची समीकरणं सोडवणारं आमचं सॉफ्टवेअर तिनेच उभं केलेलं. त्या मार्चमध्ये तिचा संशोधक विद्यार्थी गेलेर्त दारात येऊन उभा राहिला.

"बाई, जुन्या आवृत्तीत वीस मिनिटांत सुटणारं गणित नवीत कालपासून चालूच आहे. गुरुवारी माझी तोंडी परीक्षा."

इबोयाचा चेहरा उतरला. आधी तिने संगणकाला दोष दिला, मग त्याच्या मेमरीला. दोन दिवस काहीच सापडेना.

"मार्गित, माझं डोकं तर चालेनासं झालं नाही ना?" तिने मला हळूच विचारलं. "आईचं असंच सुरू झालं होतं, साठीच्या आत."

"डोकं चालतंय. जेवण चालत नाहीये. तो खसखशीचा रोल संपव आधी."

तिने तो तसाच बाजूला सारला.

बुधवारी सकाळी तिने प्रोग्रॅमचा वेळ नेमका कुठे जातो ते मोजायला घेतलं. जवळजवळ सगळा वेळ एकाच तपासणीत जात होता: ही राशी शून्य आहे का? ते ठरवायला प्रोग्रॅम दर वेळी सगळे कंस सोडवत बसायचा, तेही लाखो वेळा. ती तपासणी तिनेच शरद ऋतूत घातली होती. त्याआधी प्रोग्रॅमने एकदा नकळत शून्याने भागलं होतं आणि ते चुकीचं उत्तर कुणाच्या तरी शोधनिबंधात छापूनही आलं होतं. हे सगळं ती साफ विसरली होती.

"मग काढून टाका ना तपासणी," गेलेर्त म्हणाला.

"आणि चुकीचं उत्तर झटपट घेऊन काय करणार आहेस?"

ती तासभर खिडकीपाशी उभी राहिली. मग तिने तपासणीच्या आधी एक पायरी घातली: अक्षरांच्या जागी कुठलेही आकडे घालून बघायचं. उत्तर शून्य नाही आलं, तर राशीही शून्य नाही, विषय संपला. शून्य आलं, तरच कंस सोडवायचे.

तेवीस मिनिटांत गणित सुटलं. तिने उत्तरातलं एकेक पद जुन्या आवृत्तीच्या उत्तराशी दोनदा ताडून पाहिलं, मगच ती खुर्चीत टेकली.

गेलेर्त पास झाला. शुक्रवारी मी तिला डॉक्टरांकडे नेलं. तिची स्मरणशक्ती वयाच्या मानाने उत्तम आहे, असं ते म्हणाले. तिचा विश्वास बसला नाही. त्यानंतर ती प्रोग्रॅममधल्या प्रत्येक बदलाशेजारी तारीख आणि कारण लिहू लागली.