सुट्टीला चालली हाय

देवाने माणसाला दोन हात दिले ते निव्वळ लाड म्हणून, गरजेपुरता एकच पुरे झाला असता, असं माझं ठाम मत आहे. हे मत मी कुठे वाचलेलं नाही. घिवलीला आमच्या वाडीत मागच्या बाजूच्या दोन खोल्यांमध्ये जे भाडेकरू राहत, त्यांच्याकडे स्वयंपाकघराच्या खिडकीतून वर्षानुवर्षं बघून ते आपोआप तयार झालं. मूळचे तिरुनेलवेलीकडचे, म्हणजे पक्के तमिळ. तारापूरला वीज केंद्र आलं, बोईसरला कारखाने उभे राहिले आणि देशभरची माणसं आमच्या बाजूला येऊ लागली, त्यांत हेही एक फिटर म्हणून आले. पुढे यंत्रात उजवा हात कोपरापासून गेला आणि त्यांना गेटवर बसवलं. मी या घरात सून म्हणून आले, तेव्हा त्यांची बायको तापाने जाऊन फार दिवस झाले नव्हते, आणि मागच्या खोलीत ते आणि त्यांची चिमुरडी सेल्वी अशी दोनच माणसं होती. सगळा गाव त्यांना अण्णा म्हणे, म्हणून मीही अण्णाच म्हणत आले.

अण्णांना मदत करणं हा घिवलीत एक गुन्हा होता. जमिनीत रोवलेल्या पहारीवर ते एका हाताने नारळ सोलत, आणि कुणी पुढे झालं की नारळ तिथेच टाकून त्या माणसाकडे असं बघत की तो बिचारा स्वतःचेच हात मागे लपवी. रविवारी डोशाचं पीठ वाटायला बसत, तेव्हा वाटणाचा आवाज आमच्या ओटीपर्यंत येई आणि पाठोपाठ अण्णांचा आवाज. कारण त्यांना वाटताना बोलावं लागे. पीठ किती आंबलं म्हणजे आंबलं, हे आमच्या आत्याबाईंना, म्हणजे माझ्या आतेसासूबाईंना, ते दर रविवारी नव्याने समजावत आणि आत्याबाई दर रविवारी म्हणत, "तुज्या डोशाला भोकं पडतात रे." त्यावर भोकं कशी पाहिजेतच, यावर आणखी एक व्याख्यान होई. मग सगळ्या आळीत डोसे वाटले जात. कामाला जायची त्यांची सायकल होती. डाव्या हातात हँडल आणि ब्रेक, पण घंटी वाजवायला हात उरत नसे. म्हणून घंटी सेल्वीच्या ताब्यात होती. पुढच्या दांड्यावर बसलेली ही बाई रस्त्यात कुणी असो नसो, शाळेपर्यंत घंटी वाजवत जाई. अण्णांना त्याचं कौतुक. म्हणत, "ट्राफिक तीच बगते, मी फक्त पाय मारते."

हो, 'मारते'च म्हणत. अण्णा मराठी शिकले ते आत्याबाईंकडून आणि विहिरीवरच्या बायकांकडून. त्यामुळे हा भरघोस मिशांचा माणूस "मी बाजारात गेली होती, वहिनी, कोलंबी म्हाग हाय" असं अगदी आत्याबाईंच्या चालीत सांगे. सुरुवातीला मी पदर तोंडात धरून हसायची. नंतर ते इतकं सवयीचं झालं की एखादा पुरुष "मी गेलो" म्हणाला तर मलाच चुकल्यासारखं वाटे.

दिवसभरात अण्णा गप्प असत ते एकदाच, सकाळी सेल्वीची वेणी घालताना. ती खाली पाटावर आणि हे मागे स्टुलावर. केसांचे तीन पेड केले की एक पेड दातांत, दुसरा उजव्या हाताच्या उरलेल्या खुंटाखाली दाबलेला आणि तिसरा डाव्या हातात. मग दातातला पेड हातात, हातातला खुंटाखाली, असं काहीतरी सुरू होई, जे मला आजही सांगता येणार नाही. तोंडात केस असल्यामुळे बोलणं बंद. सेल्वीला ते माहीत होतं, म्हणून ती तिच्या सगळ्या मागण्या त्याच वेळी करी. आत्याबाई एकदा न राहवून म्हणाल्या, "अरे, दे इकडं, मी घालते." अण्णांनी नुसतं डोकं हलवलं, आणि त्या हलण्यात अख्खी वेणी सुटली. ते पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले.

त्यांचा खरा थाट मात्र सिनेमाच्या दिवशी. वीज केंद्राच्या कॉलनीतले तमिळ लोक अधूनमधून मैदानात पडदा लावून त्यांच्याकडचे सिनेमे दाखवत. अंधार पडायच्या आत आमची अर्धी आळी गोधड्या आणि उकडलेल्या शेंगा घेऊन तिथे हजर. भाषा कुणाला येत होती? पण अण्णा होते ना. ते पडद्याच्या कडेला आमच्याकडे तोंड करून उभे राहत आणि प्रत्येक वाक्य मराठीत सांगत. नायिकेचं बोलणं तर त्यांच्या तोंडी फारच शोभे. कधी ते सिनेमाच्या पुढे जात. "आता हिचा भाऊ येल बग," म्हणत, आणि भाऊ आलाच की आम्ही टाळ्या वाजवायच्या, त्या अण्णांसाठी. बायका म्हणत, हिंदी सिनेमात मजा नाही, तिथे सांगायला कुणी नसतं.

सेल्वी पहिलीत गेली त्या वर्षी पालघरच्या कोर्टाची नोटीस आली. तिच्या आजोळच्यांनी तिचा ताबा मागितला होता. घरात बाई नाही, बाप एका हाताचा, मुलीची जात, कसं करणार? तिचा मामा मद्रासला दुकानदार. माणूस वाईट नव्हता. मेलेल्या बहिणीची एवढीच खूण उरली होती, ती त्याला आपल्या घरात हवी होती. हे मला आता कळतं. तेव्हा मात्र आम्ही सगळ्यांनी त्याला यथेच्छ शिव्या दिल्या. अण्णांचं बोलणं कमी झालं. रविवारी पीठ वाटायचा आवाज येई, पण नुसता दगडाचा. आत्याबाई भोकांवरून बोलल्या तरी उत्तर नाही. मला त्या गप्प वाटण्याची भीती वाटायला लागली. आत्याबाईंनी आणि मी कोर्टात साक्ष द्यायचं कबूल केलं.

आणि नेमका त्याच दिवसांत मैदानावर आला तो सिनेमा. पायाने अधू असलेला बाप, आई नसलेली पोर, आणि पोर मागणारा श्रीमंत आजा. पहिल्या रिळातच सगळ्यांनी अण्णांकडे बघितलं. अण्णा पडद्याकडे बघत होते, पण काम सोडलं नाही त्यांनी. सेल्वी माझ्या मांडीवर. पडद्यावर कोर्ट भरलं, वकील ओरडले, जजने काहीतरी वाचून दाखवलं. अण्णा थोडे थांबले आणि म्हणाले, "जजसाहेब बोलला, पोर बापाची हाय. बापाकडंच राहील." बायकांनी डोळे पुसले. पण पुढे पडद्यावर पोर आजाच्या मोटारीत बसून चालली, आणि बाप कुबडी टाकून धुळीत बसून रडायला लागला.

"मंग ही चालली कुटं?" आत्याबाईंनी विचारलं.

"सुट्टीला चालली हाय," अण्णा म्हणाले. "येल परत."

"मंग तो एवढा रडतो कशाला?"

"बाप हाय ना," अण्णा म्हणाले.

आमचं समाधान झालं. आम्ही शेंगांची टरफलं झटकून हसत घरी आलो. आत्याबाईंना तर कोर्टाची भीतीच राहिली नाही, कारण कायदा काय आहे ते त्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं.

साक्षीच्या दिवशी आत्याबाई नऊवारी नेसून, केसात अबोली माळून पालघरच्या कोर्टात उभ्या राहिल्या. मामाच्या वकिलाने विचारलं, "मुलीची वेणी कोण घालतं?" त्या म्हणाल्या, "तोच घालतो. आमाला हात लावू देत नाय मेला." वकील पुढे काही विचारणार तेवढ्यात त्यांनी मोर्चा थेट जजसाहेबांकडे वळवला. "साहेब, त्या सिनेमात पन तुमच्यासारक्याच साहेबांनी पोर बापाला दिली. तो तर लंगडा होता. आमचा अण्णा चांगला सायकल चालवतो."

कोर्ट हसलं. पण मागच्या बाकावरून मामा ताडकन उठला. "झूठ! वो पिक्चर मैंने देखा है। लड़की नाना के घर जाती है, हमेशा के लिए!"

"तुला समजला नाय," आत्याबाई तिथूनच म्हणाल्या. "ती सुट्टीला गेली."

दोघांची अशी जुंपली की जजसाहेबांना टेबल वाजवावं लागलं. मग ते अण्णांकडे वळले आणि म्हणाले, "तुम्हाला तमिळ येतं. काय होतं त्या सिनेमात?" खटल्याशी याचा काडीचा संबंध नव्हता, पण आता सगळ्यांनाच ते ऐकायचं होतं.

अण्णा उभे राहिले. "मामा खरा बोलतो, साहेब. बापाला पोर नाय मिळाली. मी खोटी बोलली."

"का?"

"समोर आमच्या सगल्या बाया बसल्या होत्या. रडत घरी गेल्या असत्या." मग खाली बघून म्हणाले, "आनि मला तसा बोलायची हिंमत नाय झाली. मी पन घाबरली होती, साहेब."

त्या वेळी कोणी हसलं नाही. मिशांचा तो एवढा मोठा माणूस 'घाबरली होती' म्हणाला, आणि एके काळी ज्याचं मला हसू येई, त्याचंच रडू आलं. आत्याबाई पिंजऱ्यात तशाच उभ्या. अण्णांनी आपल्याला फसवलं याचा राग करावा की काय करावं, हे त्यांना कळत नव्हतं. मामासुद्धा खाली बसला. जजसाहेबांनी सेल्वीला आत बोलावून घेतलं, बराच वेळ तिच्याशी बोलले. काय बोलले, ते तिने कधी सांगितलं नाही. पुढे निकाल लागला. पोर बापाकडे राहील, मात्र मे महिन्याच्या सुट्टीत तिला आजोळी पाठवावं.

म्हणजे अण्णांनी जे सांगितलं होतं, तेच अक्षरशः झालं. तरी पहिल्या मे महिन्यात बोईसर स्टेशनवर मामा तिला घ्यायला आला, तिची पेटी त्यानेच उचलली, जाताना अण्णांच्या खांद्यावर हातही ठेवला, आणि गाडी हलली तशी अण्णा बाकावर बसून ढसाढसा रडले. आत्याबाई म्हणाल्या, "अरे, सुट्टीला चालली हाय. येल परत. तूच सांगतला ना?" त्या महिन्यात रविवारी पुन्हा नुसता दगडाचा आवाज येत राहिला. जूनमध्ये सेल्वी मामीने शिवलेला परकर घालून परत आली, आणि रविवारी पीठ वाटताना व्याख्यान पुन्हा सुरू झालं. तसं ते दर वर्षी होत गेलं.

सेल्वी बारावी झाली आणि नर्सिंगला निवडली गेली, ती मद्रासलाच. राहणार मामाकडे. आत्याबाई तोपर्यंत गेल्या होत्या, म्हणून स्टेशनवर पोचवायला मी आणि अण्णा असे दोघंच. वेणी त्या सकाळीही अण्णांनीच घातली होती, थोडी वाकडी आली होती. दातांत पेड धरायला आता दात तरी कुठे सगळे होते! गाडी आली. मी पदराने डोळे पुसू लागले. अण्णा खिडकीचा गज धरून उभे, वेणी घालताना असत तसे गप्प. सेल्वीने त्यांच्या हातावर हात ठेवला आणि माझ्याकडे बघत आमच्या गावच्या बोलीत म्हणाली, "रडता काय दोघं? सुट्टीला चालली हाय. येल परत."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्या दिवशी मैदानावर ही माझ्या मांडीवर जागी होती, आणि हिला तमिळ येत होतं. पडद्यावरचा जज काय म्हणाला, आणि आपला बाप काय सांगतोय, दोन्ही हिने ऐकलं होतं, आणि पहिलीतल्या त्या पोरीने चकार शब्द काढला नव्हता.

गाडी गेली. आम्ही बाहेर आलो. अण्णांनी सायकल काढली, पण बसले नाहीत, हातात धरून चालत राहिले. बाजार संपला तसे थांबले आणि मला विचारलं, "वहिनी, येल ना परत?"

पडद्यावर काय चाललंय ते मला दिसत होतं. तिकडे मोठी इस्पितळं होती, आजोळ होतं, पुढे लग्न होतं.

"येल," मी म्हटलं. "सुट्टीलाच तर गेली हाय."