तांबडी वायर

"दर्यात पाणी फुकट, रस्त्यावर हवा फुकट. तरी इंजिन तापतंय, म्हणजे चूक आपली हाय."

गाडी कुठलीही असो, बॉनेट उघडायच्या आधी तो हे म्हणणार, आणि मग रेडिएटरसमोर तळहात धरून डोळे मिटणार. नवख्या गिऱ्हाइकाला वाटायचं, मिस्त्री देवाचं नाव घेतोय. तो हवा जोखत असायचा.

बोईसरहून तारापूरकडे जाताना कारखान्यांच्या बसगाड्या जिथे वळतात, तिथे माझं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आहे. दुकानाला खेटून त्याची पत्र्याची शेड होती. मूळचा तो सातपाटीचा. घरच्या होड्या, बाप-भाऊ सगळे दर्यावर, आणि या गृहस्थाला बोट लागायची. दर्याकाठच्या पोराला बोट लागावी यासारखी थट्टा नाही. बापाने चार वेळा नेला, चारही वेळा तो ओकून ओकून अर्धा होऊन परत आला. मग बंदरावर बसून बोटींची इंजिनं खोलायला शिकला आणि तिथून आमच्याकडे गाड्यांवर आला. आम्ही सगळे त्याला 'तांडेल' म्हणायचो. तांडेल म्हणजे बोटीचा कप्तान. तो मजेत ओ द्यायचा.

आमचं रोज वाजायचं. मी कंपनीचं माहितीपत्रक पुढे करायचो, तो ते चष्म्याशिवाय बघितल्यासारखं करून बाजूला ठेवायचा. "कागद घामत नाय रे भाऊ, इंजिन घामतं." बावीस वर्षं काउंटरवर काढलेल्या माणसाला हे ऐकून घ्यावं लागायचं. राग यायचा. आता कळतं, त्या रागात थोडा मत्सर होता. मी वस्तू विकायचो, त्याला त्या कळायच्या.

मग ती गाडी आली. औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या शेठची. केळव्याला त्यांची वाडी होती आणि वाडीत वडिलांच्या वेळची विलायती स्पोर्ट्स कार. दोनच माणसांची बैठक, डोक्यावर छप्पर नाही, बुटकी इतकी की आत बसायचं म्हणजे जमिनीवर बसायचं. रस्ता मोकळा असेल तर झकास पळायची, पण रेल्वे फाटकाशी दहा मिनिटं थांबली की उकळायची. पट्ट्यावर फिरणारा मूळचा लोखंडी पंखा होता, त्याचंही एक पातं चिरलेलं.

नेमकं त्याच सुमारास रस्ता रुंद करायचा म्हणून त्याच्या शेडवर लाल खुणा मारून गेले होते. पावसाळा संपला की शेड जाणार, हे ठरलेलं. शेठ म्हणाले, "ही गाडी मला थंड करून द्या. आमच्या गेटच्या आत कोपरा देतो, तिथे वर्कशॉप टाका. कारखान्याच्या सगळ्या गाड्या तुमच्याकडे." पन्नाशी उलटलेल्या माणसाला दुसरं काय हवं होतं? त्या दिवशी त्याने माझ्या गल्ल्यावरच्या गणपतीला स्वतः हार आणून घातला.

पंखा निवडायला त्याने आठ दिवस लावले. शेठनी मोबाईलवर बघून सर्वांत मोठा विजेचा पंखा पसंत केला होता. मीही तोच पुढे केला, दुकानात पडूनच होता. तांडेलने मान हलवली. "या गाडीत डायनमो हाय, म्हातारा. एवढा पंखा त्याला झेपायचा नाय. दिवे लावले का बॅटरी बसली. आनी जागा बग, चार बोटं पन नाय." मग त्याने माझ्याकडचे तीन लहान पंखे आळीपाळीने रेडिएटरच्या मागे बांधले, बॅटरी जोडली आणि पुढून वर्तमानपत्राचं पान लावलं. पहिल्याने पान घसरलं. दुसऱ्याने धरलं, पण फडफडलं. तिसऱ्याने असं काही ओढून धरलं की बातम्या वाचता याव्यात. तो पोरासारखा हसला. "हाच. पाती बग कशी वळलीत. हा हवा खातं, नुस्ता वाजत नाय."

गाडी तयार झाली ती नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी. सणाला त्यांच्यात कोणी हत्याराला हात लावत नाही. दर्यावर जाता येत नसलं तरी हा पठ्ठ्या नारळ वाहायला सातपाटीला जायचाच. जाताना चावी माझ्याकडे दिली. "शेठ उद्या येतील. फक्त चावी दे. कशाला हात लावू नको, भाऊ."

शेठ यायच्या आधी मी बॉनेट उघडलं. का? उगाच. त्याचं काम बघावं, जमलं तर खोट काढावी. आणि मला खोट सापडलीच! पंख्याची तांबडी वायर त्याने बॉडीला लावली होती आणि काळी स्विचला. तांबडी म्हणजे प्लस, काळी म्हणजे मायनस, बॉडीला नेहमी मायनस, हे माझ्या दुकानातल्या गड्यालाही ठाऊक. मनात म्हटलं, घ्या, तांडेल चुकले. मी वायरी काढल्या, अदलाबदल करून घट्ट बसवल्या. बटण दाबलं, पंखा जोरात फिरला. वर्तमानपत्राचं पान लावून बघायचं मला सुचलं नाही. उद्या त्याला कसं चिडवायचं, हेच डोक्यात होतं.

शेठ गाडी घेऊन गेले ते केळव्याला पोचलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी गाडी टेम्पोवर चढून परत आली. वाटेत उकळून इंजिनाच्या हेडला तडा गेला होता.

सातपाटीहून परतलेल्या तांडेलने वाकून वायरींकडे बघितलं. मग म्हणाला, "शेठ, कोनी तरी वायर बदललीय. या जुन्या विलायती गाडीत बॅटरीचा प्लस बॉडीला असतं. म्हनून मी तांबडी बॉडीला दिलेली. उलटी लावली का पंखा उलटा फिरतं, गरम हवा परत रेडिएटरवर मारतं."

मला त्या क्षणी सगळं कळलं.

शेठ हसले. चांगलं हसणं नव्हतं ते. "तांबडी बॉडीला? अरे, ये नाव का इंजिन नहीं है!" मग माझ्याकडे वळले. "तुमचं तर दुकानच आहे. सांगा, तांबडी बॉडीला लावतात का?"

तांडेल माझ्याकडे बघत होता. डोळ्यांत आरोप नव्हता, नुसती वाट बघणं होतं. त्याला कळलं होतं. चावी माझ्याकडेच होती ना! एक वाक्य बोलायचं होतं, 'मी बदलली'. पण शेठच्या कारखान्याचा सगळा माल माझ्या दुकानातून जायचा. मी म्हणालो, "सहसा नाही लावत."

सहसा! शब्द कसा निवडला बघा. खोटं बोललो नाही आणि माणूस बुडवला. तुमच्या ओळखीतही असे सभ्य लोक असतील, नीट बघा.

त्याने बॉनेट हलकेच लावलं. गेटच्या आतला कोपरा गेला. दिवाळीनंतर शेडही गेली. पत्रे उतरवताना मी मदतीला गेलो, तर "ऱ्हाऊ दे भाऊ, धूळ लागल" एवढंच म्हणाला. पुढे तो गुजरातेत कुठल्याशा बंदरावर बोटींच्या इंजिनांवर कामाला गेला, असं कानावर आलं. दुकानाबाहेर गाडी उकळत उभी राहिली की लोक विचारायचे, तांडेल कुठे? मी सांगायचो, गावाला. त्यानंतर कितीतरी दिवस मी वर्तमानपत्र दुकानात घेतलं नाही. असल्या प्रायश्चित्ताची मला स्वतःलाच किळस येते.

यंदा तो तिकडेच वारल्याचं कळलं. ताप आला, आणि दोन दिवसांत संपला. मी सातपाटीला गेलो. ठरवूनच गेलो होतो, निदान त्याच्या बायकोला तरी खरं सांगायचं. ओटीवर सुकट पसरली होती, ती सावरत वहिनींनी पाट दिला. मी दुकानाचं नाव सांगितलं मात्र, त्यांचा चेहरा उजळला.

"तुमीच काय ते भाऊ? बसा, बसा. हे लय सांगायचे तुमचं."

मी पाटावर टेकलो.

"शेठनं यांच्यावर आळ घेतला ना, तवा सगळी गप बसली. तुमी एकटे यांच्या बाजूनं भांडलात. म्हनायचे, माझा हात चुकला नाय, भाऊनं शेठला तोंडावर सांगितलं. पोरांना पन सांगायचे." त्यांनी पदराने डोळे पुसले. "खरं ना भाऊ?"

दाराशी त्याचा थोरला मुलगा येऊन उभा होता, माझ्याकडे बघत.

मी "हो" म्हणालो.